पिशव्या कोण सांभाळणार?

मैत्रिणींनो, मुलांना घेऊन तुम्ही कधी ना कधी एखाद्या मोठ्या करमणूक पार्कमध्ये गेला असाल. कुणी १९८९ साली सुरू झालेल्या गोराईच्या एस्सेलवर्ल्डला, कुणी लोणावळ्याच्या वॉटर पार्कला, कुणी खोपोलीच्या इमॅजिकाला. मला फक्त एवढंच सांगा, तिथे तुम्ही स्वतः किती पाळण्यांत बसलात? आठवून सांगा हं. बहुतेकींचं उत्तर एक, फार तर दोन. उरलेला सगळा वेळ बाकावर. मांडीवर कुणाचा तरी स्वेटर, पायाशी चपलांचे चार जोड, खांद्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी, हातात चष्मे, मोबाइल आणि पाकिटं. “आई, हे धर गं!” “अगं, एवढं सांभाळ जरा!” आणि वर, “तू बस ना आरामात सावलीत!” म्हणजे तिकीट पुरं आणि काम क्लोकरूमचं.

यात घरच्यांचा दुष्टावा असतो असं मी म्हणत नाही. पिशवी आपणच पुढे होऊन घेतो. पाळण्यासमोर रांग लागली की आपल्यालाच सुचतं, “जा तुम्ही, मी थांबते.” भीती वाटते हे खरं, पण निम्मी भीती असते आणि निम्मी सवय. ही सवय कधी लागली, याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्या आज्यांना ती नव्हती.

नागपंचमी आठवा. वडाच्या नाहीतर चिंचेच्या फांदीला कासऱ्याचा दोर बांधून नऊवारीतल्या बायका उभ्यानं झोका घ्यायच्या. दोघी समोरासमोर उभ्या राहून असा काही झोका चढवायच्या की खाली उभं राहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही, हा आपल्याकडे पुष्कळ घरांत नेम. (दिंडं उकडायला कमी मेहनत पडत नाही, ते सोडा.) मंगळागौरीला रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा. लेकुरवाळ्या बायका लाटणं हातात घेऊन फुगडी घालायच्या आणि “या वयात हे काय?” असं कुणी विचारत नसे, कारण ते पंचांगातच होतं. परवानगी मागायची वेळच येत नव्हती.

आता आमच्या वारूळवाडीचंच पाहा. नारायणगावला खेटून आमची वस्ती वाढत गेली. पुणे-नाशिक रस्त्याच्या अंगानं दुकानं आली, सोसायट्या आल्या, आणि झोका बांधण्याजोगी झाडं कमी झाली. मंगळागौरीचे खेळ आता बक्षिसांच्या स्पर्धेत स्टेजवर होतात, बाकीच्या खुर्चीवर बसून पाहतात. खेळणाऱ्या दहाजणी आणि पाहणाऱ्या दोनशे.

पुरुषांच्या करमणुकीचं मात्र आमच्या गावाइतकं जुनं ठाणं दुसरं नसेल. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेवाले सुपाऱ्या द्यायला येतात. त्या करमणुकीत बायका होत्या, पण बोर्डावर. पुढे बसलेल्या नव्हेत. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. दिवस भरलेले असताना खेळ चालू होता, मागे जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडानं तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. विठाबाई २००२ साली गेल्या. त्यांची थोरवी आपण सगळे सांगतो, पण मला ती गोष्ट आठवली की अंगावर काटा येतो. दुसऱ्यांची करमणूक चालू राहावी म्हणून बाईनं किती सोसायचं, याला काही धरबंध?

असो. सांगत होते ते आमच्या सहलीचं. गेल्या हिवाळ्यात आम्ही नऊजणी मिळून इमॅजिकाला जाऊन आलो. मुलं नाहीत, मालक नाहीत, फक्त आम्ही. सगळ्यात धाकटी बत्तीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी, आणि थोरल्या काकू अठ्ठावन्नच्या. तुमच्यापैकी काहींनी पत्रातून विचारलं होतं की बायका-बायकांनी असं एक दिवस जायचं तर कसं जमवायचं, म्हणून आज त्यावरच लिहिते.

पहिला प्रश्न अर्थातच घरचा. इमॅजिका आहे खोपोली-पाली रस्त्यावर, सांगडेवाडीला. त्याच रस्त्यानं पुढे गेलं की पालीचा बल्लाळेश्वर. आमच्या तालुक्यात अष्टविनायकांतले दोन, ओझरचा विघ्नेश्वर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज, त्यामुळे गणपतीला निघालेल्या बसगाड्या आम्ही जन्मभर पाहतोय. एकीनं सुचवलं, “घरी पालीला जातो म्हणून सांगू या. देवाला कुणी नाही म्हणत नाही.” खरंच आहे, देवाला जाताना कुणी वय विचारत नाही की खर्च विचारत नाही. पण काकूंनी साफ नकार दिला. म्हणाल्या, “देवाला मधे घालायचं नाही. खेळायला जातोय, तर खेळायला जातोय म्हणून सांगायचं.” मला ते फार पटलं. खोटं सांगून गेलं तर दिवसभर मन घड्याळाकडे राहतं, फोटो लपवावे लागतात, आणि मुख्य म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तेव्हा सरळ सांगा, पण सांगताना तारीख आणि व्यवस्था दोन्ही हातात घेऊन सांगा. “मी जाऊ का?” असं विचारण्यापेक्षा “अमुक मंगळवारी मी नाहीये, सकाळचे डबे आदल्या रात्रीच्या तयारीतून होतील, रात्री तुम्ही खिचडी टाका,” असं सांगितलं की बोलणं खिचडीवर येतं, जाण्यावर राहत नाही. एकीच्या सासूबाई रुसल्या होत्या. “आम्ही नाही कधी असं गेलो,” म्हणाल्या. तिनं वाद घातला नाही. “आई, तुम्ही झोक्यावर किती उंच जायचात ते मला मामंजींनी सांगितलंय,” एवढंच म्हणाली. त्या दिवशी सासूबाईंनीच नातवंडांची शाळा सांभाळली. सगळ्यांकडे असं घडेल असा भरवसा मी देत नाही. पण करून पाहायला काय हरकत आहे?

दुसरा प्रश्न पैशांचा. आम्ही दहा महिन्यांची भिशी लावली होती, महिना साडेतीनशे. दर महिन्याला नंबर काढायचा नाही, सगळे पैसे एकीच्या नावावर बँकेत साठवायचे. दहा महिन्यांत एकेकीचे साडेतीन हजार झाले. त्यात गाडी, तिकीट, खाणं आणि वरखर्च बसला. तिकिटाचे दर हंगामाप्रमाणे बदलतात, शनिवार-रविवारी आणि सुट्यांत चढतात. त्यामुळे शाळा चालू असतानाचा मधला वार धरा. आधी घरूनच फोनवर तिकीट काढलं तर पुष्कळदा सवलत मिळते. घरखर्चातून काटकसर करून हे पैसे काढावेत का, असं एकीनं विचारलं होतं. काढावेत की! महिन्याला साडेतीनशे म्हणजे दिवसाला बारा रुपयेसुद्धा नाहीत.

या पार्कची थोडी माहिती देते, कारण आपण कुठे जातोय ते ठाऊक असलेलं बरं. सिनेमाच्या धंद्यातले मनमोहन शेट्टी यांनी ते एप्रिल २०१३ मध्ये सुरू केलं. पुढे वॉटर पार्कही झालं. २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आलं. संगमनेर म्हणजे आमच्याच पुणे-नाशिक रस्त्यावरचं, त्यामुळे गाडीत “म्हणजे हे आपल्याच शेजाऱ्यांचं!” असा एकच गलका झाला. शेजाऱ्यांनी तिकिटात सूट काही दिली नाही.

पहाटे निघणार असाल आणि जुन्नर-आंबेगाव भागात राहत असाल, तर एक गोष्ट आवर्जून पाळा. आपल्याकडे उसाला लागून घरं आहेत आणि बिबट्याची भीती काही खोटी नाही. आम्ही पाचला निघालो तेव्हा मिट्ट काळोख होता. कुणीही एकटीनं रस्त्यापर्यंत चालत यायचं नाही असं ठरवलं होतं. गाडी प्रत्येकीच्या दाराशी गेली. त्यात अर्धा तास जास्त गेला, जाऊ दे. परतताना रात्री साडेदहालाही तोच क्रम. गाडीवाल्याला हे आधीच सांगून भाडं ठरवा, म्हणजे वेळेवर कुरकुर होत नाही. आणि त्याला दुपारी पार्किंगमध्ये नीट झोप घ्यायला सांगा. आपण दमून डुलक्या काढणार, निदान त्यानं तरी जागं राहिलं पाहिजे.

मंचर, खेड, चाकण, मग तळेगावला द्रुतगती मार्ग आणि बोरघाट उतरून खोपोली. चार तास धरा. चाकण-तळेगाव रस्त्यावर ट्रकांची जत्रा असते, तिथे जीव कंटाळतो. पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून सकाळचं खाणं गाडीतच उरकलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आदल्या रात्री केलेल्या मासवड्या. मासवडी रश्शाशिवाय कोरडीच न्यायची, सारण जरा घट्ट ठेवायचं आणि कापून डब्यात उभी लावायची, म्हणजे फुटत नाही. गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या जागा घ्याव्यात, लांबवर नजर ठेवावी, मोबाइलमध्ये डोकं घालू नये. पोट अगदी रिकामं नको आणि तडस लागेपर्यंत भरलेलंही नको. मळमळीच्या गोळीनं झोप येते, ती डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आता कपड्यांचं, कारण घोडं पेंड खातं ते इथेच. आम्ही पाण्याच्या भागात गेलो नाही, कोरड्या पार्कमध्येच दिवस काढला. पण तुम्हाला वॉटर पार्कला जायचं असेल, तर साडी आणि सुती कपडे तिथे चालत नाहीत. यात आपला अपमान काही नाही. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, त्याचे धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात, आणि घसरगुंडीवर पदर कुठे अडकला तर जिवावर बेतेल. गुडघ्याखाली येणारा नायलॉनचा पूर्ण पोशाख बाजारात मिळतो, तो घरूनच घेऊन जा. तिथे भाड्याचा घालायचा म्हणजे आधीच संकोच, त्यात मापाचा घोळ.

कोरड्या पार्कलासुद्धा ओढणी नको. फिरणाऱ्या चाकांत ओढणी किंवा मोकळे केस अडकून गो-कार्टवर बायका-मुलींचे जीव गेलेले आहेत. कुडता-सलवार, वेणी घट्ट, पायात मागे पट्टा असलेली चप्पल नाहीतर बूट. काचेच्या बांगड्या घरी ठेवा. मंगळसूत्राचं काय, हा प्रश्न आमच्यात अर्धा तास चालला. लांब मंगळसूत्र मोठ्या पाळण्यावर चालणार नाही. ते तोंडावर उडतं, नाहीतर तुटून जातं. तिघींनी आखूड घालून आत टाकलं आणि पिनेनं अडकवलं. दोघींनी मनगटाला काळे मणी बांधले. बाकीच्यांनी घरी देवापुढे ठेवलं. जिला जे पटेल ते तिनं करावं, आणि दुसरीनं त्यावर बोलू नये, एवढंच मी म्हणेन.

आणि पिशव्या? दाराशी गेल्या गेल्या भाड्यानं लॉकर घ्या. नऊजणींचं सामान दोन लॉकरांत मावलं. त्या भाड्याची काटकसर कराल, तर नऊातली एक दिवसभर बाकावर बसेल, आणि ती कोण असेल हे तुम्हाला आत्ताच ठाऊक आहे.

सुरुवात हळू करावी. आम्ही आधी ‘आय फॉर इंडिया’ला गेलो. खुर्च्या वर उचलल्या जातात, पाय लोंबकळतात आणि समोरच्या प्रचंड पडद्यावर आपण विमानातून देश पाहतोय असं वाटतं. मग ‘मिस्टर इंडिया’, त्या १९८७ च्या सिनेमावर बेतलेलं. मग ‘सलीमगढ’चा भुताटकीचा वाडा, तिथे बँकवाली सगळ्यात मोठ्यानं किंचाळली. ‘राजासॉरस’च्या होडीत शेवटी धाडकन खाली येऊन चिंब भिजायला होतं. हा राजासॉरस म्हणजे नुसती कल्पना नाही बरं का. गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याला हे नाव मिळालं.

‘नायट्रो’ म्हणजे तिथला सगळ्यात मोठा रोलर कोस्टर. उंची सुमारे चाळीस मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारत, वेग ताशी शंभरच्या वर, आणि पायाखाली फळीसुद्धा नाही. गंमत अशी की त्या गाडीला स्वतःचं इंजिन नसतं. साखळी तिला वर ओढून नेते आणि पुढची सगळी धाव उताराची. वरून आलेल्या वेगावरच ती पुढचे चढ चढते. उतारावर पोटात खड्डा पडतो तो नागपंचमीच्या झोक्यासारखाच. शरीर खाली येत असतं आणि आतल्या आतड्यांचा भार क्षणभर नाहीसा होतो. घाबरल्यावर दातओठ आवळून, मान ताठ करून बसू नका. डोकं मागे टेकवा आणि मोकळेपणानं ओरडा. आमच्यातल्या पाचजणी बसल्या. एक जण उतरल्यावर रडली. “काय झालं गं?” विचारलं, तर म्हणाली, “काही नाही. एवढ्या मोठ्यानं मी किती वर्षांनी ओरडले!” तिच्या घरी कुणी मोठ्यानं बोलत नाही.

बाकीच्या चौघी बसल्या नाहीत. काकूंना रक्तदाब, एकीची कंबर, एकीची मानेची नस, आणि एकीला नकोच होतं. गरोदर असाल, हृदयाचा, रक्तदाबाचा, मणक्याचा त्रास असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर मोठ्या पाळण्यांवर बसूच नका, मैत्रिणींनी कितीही चिडवलं तरी. आणि चिडवणारीनं हे लक्षात ठेवावं की भिडेखातर बसलेलीला मजा येत नाही, उलटी येते.

आणखी एक गोष्ट, जी कुणी मोकळेपणी बोलत नाही. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या पुष्कळ बायका पाळण्याला नाही म्हणतात ते भीतीनं नव्हे. खोकताना, शिंकताना, जोरात हसताना लघवीचे थेंब निसटतात म्हणून त्या नाही म्हणतात. आमच्यातल्या एकीनं गाडीत हे सांगितलं, आणि आणखी दोघींनी “माझंही तेच” म्हटलं. मैत्रिणींनो, हा वयाचा शाप म्हणून सोसायचा प्रकार नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्यानं पुष्कळदा असं होतं. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो, तेच बसल्याबसल्या पाच मोजेपर्यंत आवळायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. (प्रत्यक्ष लघवी करताना हा प्रयोग करायचा नाही.) श्वास रोखायचा नाही. दोन-तीन महिने नेटानं केलं तर पुष्कळजणींना फरक पडतो. नाही पडला, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, उपाय आहेत. तोवर पॅड लावा, पाळण्याआधी लघवीला जाऊन या आणि बसा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मात्र सहलीपायी मनानं घेऊ नका. कोरड्या पार्कमध्ये पाळीत फिरायला काहीच अडचण नाही.

दुपारी आम्ही एकही पाळणा घेतला नाही. तिकिटाचे पैसे वसूल व्हायला हवेत म्हणून धावत सुटणारी माणसं पाहिली की मला कीव येते. जेवलो, झाडाखाली बसलो, आइस्क्रीम खाल्लं. कुणी काही चिरत नव्हतं, कुणाला काही वाढायचं नव्हतं. पहिला अर्धा तास सगळ्या मुलांच्या अभ्यासाबद्दल बोलत होत्या. मग ते विषय संपले आणि हळूहळू प्रत्येकजण स्वतःबद्दल बोलायला लागली. कुणाला शिवणाचा क्लास पुन्हा सुरू करायचाय, कुणाच्या माहेरच्या जमिनीचा वाद चाललाय. शेजारीशेजारी राहून हे आम्हाला एकमेकींचं ठाऊक नव्हतं. काकू मात्र दोनदा फिरत्या लाकडी घोड्यांवर बसून आल्या. एकट्याच, आम्हाला न सांगता.

निघताना फोटो काढा, पण घरच्या गटावर दिवसभर पाठवत बसू नका. एक सकाळी, एक संध्याकाळी, पुरे. फोन येतात ते बहुधा “डाळ कुठल्या डब्यात?” एवढ्यासाठीच. ती सापडते हो त्यांची त्यांना.

दुसऱ्या दिवशी अंग दुखणार, हे धरून चला. त्या दिवशी पाहुणे बोलावू नका, गव्हाचं दळण काढू नका. गरम पाण्यानं शेक आणि थोडं चालणं यानं स्नायू मोकळे होतात. पण मान दोन-तीन दिवसांत सुटली नाही, हाताला मुंग्या येऊ लागल्या किंवा डोकं सारखं दुखत राहिलं, तर घरच्या घरी मालीश करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडे सगळ्या ठणठणीत आहेत. भिशीचा नवा हप्ता पाच तारखेपासून सुरू झालाय, आणि या खेपेला आम्ही अकराजणी आहोत.